एका डोळ्याची भिस्त आणि हुकणारी शेवटची पायरी

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"माझे वय ६३ वर्षे. वयोमानानुसार होणाऱ्या मॅक्युलाच्या आजारामुळे डाव्या डोळ्याची दृष्टी तीन वर्षांपूर्वी बरीचशी गेली. चष्म्यासह उजव्या डोळ्याने ६/२४, म्हणजे निकोप डोळ्याला २४ मीटरवरून दिसते ते सहा मीटरवरून, आणि डाव्याने ३/६० एवढे दिसते. आजार सध्या स्थिर आहे, असे डॉक्टर म्हणतात. तरीही पेल्यात पाणी ओतताना धार बाहेर जाते, कोणी वस्तू पुढे केली की माझा हात अलीकडेच मिटतो आणि जिना उतरताना शेवटची पायरी हुकते. 'तुमचे लक्षच नसते,' असे घरचे म्हणतात. तपासणीत पोलरॉइड चष्मा लावून माशीचे चित्र दाखवले. तिचे पंख कागदाच्या वर उचललेले दिसायला हवे होते, मला ते सपाटच दिसले. वाचताना डावा डोळा हाताने झाकला की अक्षरे स्थिर होतात, पण झाकल्याने तो डोळा पुरता निकामी होईल अशी भीती घातली जाते. माझ्या धाकट्या दिरांचा एक डोळा अपघातात गेला, पण ते सगळी कामे बिनचूक करतात. मग दोन डोळे असून मलाच का जमत नाही? आणि हे व्यायामाने परत येते का?"

सप्रेम नमस्कार.

आपण बरेच प्रश्न विचारले आहेत. त्यांतील दिरांविषयीचा प्रश्न आधी घेणे सोयीचे, कारण त्याचे उत्तर नीट लक्षात आले की बाकीच्यांचा उलगडा होत जातो. आपल्या दिरांचा एक डोळा गेला, पण उरलेला निकोप आहे. आपले डोळे दोन आहेत, पण दोन्हींच्या मॅक्युलाला, म्हणजे दृष्टिपटलाच्या ज्या मधल्या भागाने आपण बारकावे टिपतो त्या भागाला, इजा झालेली आहे. अंतराचा अंदाज घेताना मेंदू दोन डोळ्यांच्या जोडीवर विसंबतो हे खरे, पण दृश्यातील इतर असंख्य खुणांवरही तो तितकाच विसंबून असतो, आणि त्या खुणा वाचायला एक चांगला डोळा पुरतो. दिरांनी जोडी गमावली, खुणा त्यांच्याकडे शाबूत राहिल्या. आपली जोडीही मोडली आणि खुणाही पुसट झाल्या. त्यामुळे दोघांची तुलना मुळातच गैरलागू आहे आणि लक्ष नसल्याचा ठपका तर त्याहून गैरलागू.

आधी जोडीविषयी. आपल्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटर अंतर असते, म्हणून प्रत्येक डोळ्याला समोरचे दृश्य किंचित वेगळ्या कोनातून दिसते. या दोन चित्रांतला फरक मेंदू मोजतो आणि त्यातून वस्तूंना उठाव येतो, हे चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे दाखवून दिले. त्यासाठी त्याने दोन आरशांचे एक साधे उपकरणही बनवले होते. या क्षमतेला आपण त्रिमिती दृष्टी म्हणू. ती विलक्षण सूक्ष्म असते, परंतु जवळच्या अंतरापुरतीच. निकोप डोळ्यांच्या माणसाला दोन चित्रांतला ४० सेकंदांचा कोन, म्हणजे एका अंशाचे ३६०० भाग केल्यास त्यांतले ४० भाग, इतका फरक कळतो असे धरले, तर हिशेबाने अर्ध्या मीटरवर एक मिलिमीटरहूनही कमी खोली त्याच्या लक्षात येते. दोन मीटरवर हीच मर्यादा सव्वा सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि दहा मीटरवर सुमारे ३० सेंटिमीटर होते, कारण अंतर दुप्पट झाले की चुकीला चौपट वाव मिळतो. म्हणूनच सुईत दोरा ओवणे, पेल्यात धार धरणे, समोरच्याच्या हातातून वस्तू घेणे ही हाताच्या टप्प्यातली कामे जोडीवाचून अडतात, तर रस्त्यापलीकडची इमारत किती लांब आहे हे ठरवताना जोडीचा फारसा संबंधच येत नाही.

खुणांचे प्रकरण याहून मोठे आहे, आणि आपल्या अडचणीचे मूळ मला तिथे अधिक दिसते. जवळची वस्तू लांबच्या वस्तूला झाकते. ओळखीची वस्तू लहान दिसली तर ती लांब असते. फरशीच्या रेषा दूर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि जमिनीचा पोत पायाशी भरड, पुढे बारीक होत जातो. सावली वस्तूच्या तळाला चिकटलेली असेल तर वस्तू टेकलेली आहे, सुटलेली असेल तर ती वर उचललेली आहे. शिवाय आपण स्वतः हललो की जवळच्या वस्तू भराभर सरकतात आणि लांबच्या सावकाश, जे धावत्या गाडीच्या खिडकीतून प्रत्येकाने पाहिलेले असते. आता यातली एकेक खूण आपल्या डोळ्यांनी तपासून पाहा. पोत वाचायला बारकावे दिसावे लागतात. सावली ओळखायला राखाडीवरची राखाडी वेगळी काढता यावी लागते. पायरीची कड म्हणजे तर बहुधा एका फिकट पृष्ठभागावरची दुसऱ्या फिकट पृष्ठभागाची सीमारेषा असते. मॅक्युलाच्या आजारात लहान अक्षरे दिसेनाशी होतात एवढेच सगळ्यांना ठाऊक असते. फिकट छटांमधला फरक, ज्याला काँट्रास्ट म्हणतात, तोही त्याच आजारात हरवतो, याकडे दुर्लक्ष होते.

६/२४ हा आकडा याविषयी काहीच सांगत नाही. तो पांढऱ्या शुभ्र फलकावरच्या काळ्याभोर अक्षरांवरून काढलेला असतो, आणि घरातला जिना काही असा रंगवलेला नसतो. काँट्रास्ट मोजण्यासाठी डेनिस पेली आणि जॉन रॉबसन यांनी १९८८ मध्ये वेगळा तक्ता तयार केला. त्यात सगळी अक्षरे एकाच मोठ्या आकाराची असतात आणि खाली जाता जाता फिकी पडत जातात. ही तपासणी आपली झालेली आहे की नाही हे पत्रावरून समजत नाही. झाली नसेल तर पुढच्या खेपेला ती आवर्जून मागून घ्यावी. अल्पदृष्टी असलेली व्यक्ती 'मला अंतर कळत नाही' असे म्हणते तेव्हा बऱ्याचदा तिला कडा दिसत नसतात, असे माझे मत आहे; आणि कडा ठळक करणे आपल्या हातात असते, जोडी परत आणणे नसते.

घरच्यांना हे पटवून देण्यासाठी शब्दांपेक्षा एक छोटा प्रयोग अधिक उपयोगी पडेल. त्यांना टेबलाशी बसवून एक डोळा मिटायला सांगा आणि भांड्यातून पेल्यात पाणी ओतायला लावा. पहिल्यांदा थोडे सांडेल, पण दोन-तीन वेळा केले की हात बसेल. मग दोन्ही डोळ्यांसमोर दुधी रंगाचे अर्धपारदर्शक प्लॅस्टिक धरून, पारदर्शक पेल्यात, मंद प्रकाशात तेच काम करू द्या. दोन्ही डोळे उघडे असूनही या दुसऱ्या खेपेला पेल्याचा काठ कुठे आहे हेच त्यांना शोधावे लागेल. हा प्रयोग बसूनच करावा. जिन्यावर किंवा चालताना कोणीही करू नये.

आता डावा डोळा साथ का देत नाही, ते पाहू. माशीच्या चित्रात दोन डोळ्यांना दाखवलेल्या प्रतिमांतला फरक सुमारे ३००० सेकंदांचा, म्हणजे अगदी ढोबळ असतो. ज्यांची त्रिमिती दृष्टी चांगली असते, ते पंख धरायला सांगितल्यावर कागदाच्या बऱ्याच वर, हवेत चिमूट घेतात. आपले बोट थेट कागदावर टेकले असेल. अर्थात ही चाचणी जवळच्या चष्म्यावर पोलरॉइड चष्मा चढवून घ्यायची असते. तो खाली नसेल तर तिचा निकाल धरता येत नाही, एवढे एकदा विचारून घ्यावे. पण आपल्या दोन डोळ्यांतला फरक पाहता निकाल बदलेल असे मला वाटत नाही. त्रिमिती दृष्टीला दोन्ही डोळे सारखे अंधुक असलेले एक वेळ चालतात, पण एक बरा आणि दुसरा फार अंधुक असणे तिला अधिक घातक ठरते, कारण मेंदूला जुळवायला दोन सारखी चित्रेच मिळत नाहीत. त्यात आपल्या आजाराची आणखी एक अडचण आहे. दृष्टीचा मधला भाग निकामी झाला की डोळा आपोआप थोडा वर, खाली किंवा बाजूला रोखून दृष्टिपटलाच्या शाबूत कोपऱ्याने पाहायला शिकतो. आपला उजवा डोळा असे करत असणारच. पण दोन्ही डोळे एकत्रच वळतात, त्यामुळे उजव्याला सोयीची असलेली दिशा पकडली की डाव्या डोळ्यात तेच चित्र नेमके निकामी भागावर पडू शकते. अशा वेळी डावा डोळा हजर असतो, पण त्याच्याकडून उपयोगाचे काही येत नाही.

कधी कधी त्याच्याकडून अडथळाच येतो. दोन्ही डोळे सारखे चांगले असतील, तर दोघांनी मिळून पाहिल्याने फिकट गोष्टी ओळखण्याची क्षमता एका डोळ्यापेक्षा साधारण ४० टक्क्यांनी वाढते. दोघांत मोठी तफावत असली की हा फायदा तर जातोच, उलट वाकडेतिकडे किंवा डागाळलेले चित्र चांगल्या चित्रात मिसळून एकट्या उजव्या डोळ्याला जेवढे दिसले असते त्याहूनही कमी दिसू लागते. डावा डोळा झाकल्यावर आपली अक्षरे स्थिर होतात, याचे कारण हेच असावे. तो आपल्या मनाचा खेळ नाही.

झाकल्याने डोळा निकामी होतो, ही भीती मुलांच्या बाबतीत खरी आहे. दृष्टी घडत असण्याच्या वयात, म्हणजे साधारण सात-आठ वर्षांपर्यंत, एक डोळा वापरात राहिला नाही तर तो 'आळशी' होऊ शकतो, म्हणून लहान मुलाचा डोळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही झाकू नये. त्रेसष्टाव्या वर्षी तसे होत नाही. वाचताना, शिवताना, पडद्याकडे पाहताना आपण डावा डोळा खुशाल झाकावा. हात गुंतून राहू नये म्हणून वाचनाच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर आतून दुधी चिकटपट्टी लावून घेणे सोपे पडते. त्याने प्रकाश आत येतो, पण नडणारे चित्र येत नाही. मात्र तो चष्मा वाचनापुरताच ठेवावा आणि चालायला उठताना काढावा. मॅक्युलाचा आजार मधली दृष्टी घेतो, कडेची बहुधा राहते, आणि डाव्या बाजूच्या टोकाची सुमारे ३० अंशांची पट्टी फक्त डाव्या डोळ्यालाच दिसते, कारण मध्ये नाक येते. डावीकडून येणारा माणूस, उघडे कपाटाचे दार, वळणारी सायकल यांची चाहूल आपल्याला तोच डोळा देतो. वाचताना अडसर ठरणारा डोळा चालताना कामाला येतो, हे ऐकायला विचित्र वाटले तरी तसेच आहे.

डावा डोळा हाताच्या कामात थोडी तरी मदत करतो का, हे घरी पडताळता येते. कोणाला तरी समोर बसवून हाताच्या टप्प्यात एक जाड पेन्सिल उभी धरायला सांगा. आपण दुसरी पेन्सिल वरून खाली आणत तिचे टोक त्या पेन्सिलीच्या टोकावर टेकवावे. समोरच्याने दर वेळी पेन्सिल थोडी पुढे-मागे करावी. असे काही वेळा दोन्ही डोळे उघडे ठेवून आणि काही वेळा डावा झाकून करावे. दोन्ही प्रकारांत सारखेच हुकत असेल, तर हातात घ्यायच्या कामांसाठी जोडीचा हिशेब सोडून द्यावा आणि पुढे सांगते त्या सवयी लावून घ्याव्यात. दोन्ही डोळ्यांनी निश्चितपणे बरे जमत असेल, तर ते डॉक्टरांना सांगावे, म्हणजे चष्म्याचा विचार करताना डाव्या काचेचा नंबरही मनावर घेतला जाईल. निरुपयोगी समजून त्या डोळ्याचा नंबर वर्षानुवर्षे न तपासण्याची पद्धत मला पटत नाही.

जिन्याकडे वळते, कारण पाणी सांडले तर पुसता येते. पायरीची उंची साधारण १५ ते १८ सेंटिमीटर असते आणि उतरताना ती दिसते आपल्या पायापलीकडे, वरून, जेव्हा पायरीचा उभा भाग नजरेआड असतो. म्हणजे चढताना जी उभी बाजू समोर दिसून उंची सांगते, ती खूण उतरताना मिळतच नाही, आणि उरते ती फक्त कडेची रेषा. मधल्या पायऱ्या लयीत उतरल्या जातात, कारण एकीची उंची पायाला कळली की पुढच्या तशाच असतात. शेवटची हुकते ती लय मोडायची कधी हे कळत नाही म्हणून, आणि बहुतेक जिन्यांत खालची जमीन पायरीच्याच रंगाची असते म्हणून.

यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे प्रत्येक पायरीच्या अगदी कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पायरीच्या रंगाच्या नेमक्या उलट छटेची साधारण पाच सेंटिमीटर रुंद पट्टी: फिकट पायरीवर गडद, गडद पायरीवर फिकट किंवा पिवळी. पट्टी चकचकीत किंवा गुळगुळीत नसावी. ती कडेपासून मागे सरकवून लावू नये, ही गोष्ट कारागिराला बजावून सांगावी, कारण डोळा पट्टीलाच कड समजतो आणि पाऊल त्या हिशेबाने पडते. चुकीच्या जागी लावलेली पट्टी नसलेल्या पट्टीपेक्षा वाईट. जिना जिथे संपतो तिथल्या जमिनीचा रंग वेगळा करता आला तर उत्तम. कठडा शेवटच्या पायरीच्या थोडा पुढे जात असावा, आणि जात नसेल तर तो संपण्याआधी एक हातभर अंतरावर हाताला जाणवेल असा एखादा उंचवटा, अगदी गुंडाळलेली दोरीसुद्धा, लावून घ्यावी: हात तिथे पोहोचला की शेवटची पायरी आली. घरच्या जिन्याच्या पायऱ्या मोजून पाठ कराव्यात. उतरताना टाच मागच्या उभ्या भागाला घासत खाली सोडली, तर पाय कुठे आहे याची खबर डोळ्यांवर अवलंबून राहत नाही.

दिवा असा असावा की पायऱ्या उजळतील आणि तो डोळ्यांत येणार नाही. उन्हातून घरात आल्यावर मॅक्युलाचा आजार असलेल्यांचे डोळे सरावायला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ कठडा धरून उभे राहण्यात संकोच कसला? पट्ट्यापट्ट्यांची जाजमे जिन्याजवळून काढून टाकावीत, कारण पट्टा पायरीसारखा भासतो. आणि फिकट जमिनीवरचे काळे पायपुसणे खड्ड्यासारखे.

चष्म्याचेही पाहावे. आपण बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह वापरत असाल, तर जिना उतरताना नजर खालच्या, वाचनाच्या भागातून जाते. तो भाग हातातल्या पुस्तकाच्या अंतरासाठी असतो आणि पायरी त्याच्या तीन-चार पट लांब असते, त्यामुळे आधीच पुसट असलेली कड आणखी विरघळते. बाहेर हिंडण्या-फिरण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेणे मला योग्य वाटते. तोवर उतरताना हनुवटी छातीकडे घेऊन काचेच्या वरच्या भागातून पाहावे. अनोळखी ठिकाणी लांब पांढरी काठी वापरण्याबाबत आपण काही लिहिलेले नाही. तिचे टोक एक पाऊल पुढे जमिनीला टेकत जाते आणि उतार किंवा पायरी पायाआधी हाताला सांगते. आधाराच्या आखूड काठीने हे काम होत नाही. पूर्ण अंध असलेल्यांनीच पांढरी काठी वापरायची असते, हा समज चुकीचा आहे. वापरायचे तंत्र मात्र प्रशिक्षकाकडून शिकून घ्यावे.

हाताच्या कामांत डोक्याची हालचाल ही मोठीच मदत आहे. एक डोळा गमावलेली माणसे नकळत डोके अधिक हलवू लागतात, आणि ते बरोबरच आहे, कारण त्यातून जवळचे-लांबचे वेगळे निघते. वस्तूवर नजर ठेवून डोके डावी-उजवीकडे हलकेच झुलवावे आणि मग हात पुढे करावा. एका डोळ्याने पाहणाऱ्यांचा हात सावकाश जातो आणि बोटे गरजेपेक्षा जास्त उघडलेली राहतात, असे हातांच्या हालचालींवरील अभ्यासांत दिसते. मेंदूने स्वतःहून केलेली ती सावधगिरी आहे, म्हणून सावकाश जाणाऱ्या हाताला घाई करू नये. टेबलावरचा पेला हवेतून पकडायला जाण्याऐवजी करंगळीची बाजू टेबलाला टेकवून हात सरकवत न्यावा. कोणी वस्तू देत असेल तर 'माझ्या हाताला लावून द्या' असे सरळ सांगावे. ओतताना भांड्याची चोच पेल्याच्या काठाला टेकवावी, मगच तिरपे करावे. पेला पारदर्शक नसावा, आतल्या द्रवाहून वेगळ्या रंगाचा असावा आणि विरुद्ध रंगाच्या ताटलीत ठेवलेला असावा. गार पाण्यासाठी काठाच्या आत बोट धरले तरी चालते. गरम द्रवासाठी काठावर अडकवायचे छोटे सूचक यंत्र मिळते, पातळी वर आली की ते आवाज करते. सुईसाठी दोरा ओवण्याची तार किंवा वरून खाच असलेली सुई वापरावी.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी थोडे. ज्यांना रेटिनायटिस पिगमेंटोसा हा दृष्टिपटलाचा आनुवंशिक आजार किंवा वाढलेला काचबिंदू आहे, त्यांची कडेची दृष्टी आकसत जाते. ते ठेचकाळतात तेव्हा पुष्कळदा खोलीचा अंदाज चुकलेला नसतो. पायरी त्यांच्या दृष्टिक्षेत्रातच आलेली नसते. त्यांची मधली त्रिमिती दृष्टी चांगलीही असू शकते, आणि त्यांचा उपाय नजर खाली-वर फिरवत जाण्याच्या सवयीत आणि काठीत आहे. अल्बिनिझम, म्हणजे त्वचा, केस आणि डोळ्यांत रंगद्रव्य जन्मतःच कमी असणे, असलेल्यांत डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंची विभागणी जन्मतःच वेगळी असते, म्हणून त्रिमिती दृष्टी बहुधा कमी किंवा नसतेच. परंतु ती माणसे त्याच जगात वाढलेली असल्याने आपल्यासारखी अडखळत नाहीत.

आणखी एक चमत्कारिक प्रकार असा, की एका डोळ्याकडून येणारा संदेश दुसऱ्यापेक्षा किंचित उशिरा पोहोचत असेल, जसे दृष्टिचेतेच्या, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या, दाहानंतर किंवा एकाच डोळ्यात मोतीबिंदू असताना होते, तर सरळ रेषेत झुलणारा लंबक गोल फिरत असल्यासारखा दिसतो आणि आडवे जाणारे वाहन अंगावर वळल्यासारखे भासते. या परिणामाचे स्पष्टीकरण जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल पुल्फरिख यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना स्वतःला तो कधी पाहता आला नसता, कारण त्यांचा एक डोळा आधीच गेलेला होता. असा भास होत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावे. चांगल्या डोळ्यापुढे हलकी रंगीत काच दिल्याने काहींना आराम पडतो.

व्यायामाबाबत माझे उत्तर स्पष्ट आहे. तिरळेपणा असलेल्या, पण दोन्ही डोळ्यांची दृष्टी चांगली असलेल्या काही प्रौढांना प्रशिक्षणानंतर त्रिमिती दृष्टी आलेली आहे. अमेरिकेतील मेंदूशास्त्राच्या प्राध्यापिका सुसान बॅरी यांना ती वयाच्या ४८ व्या वर्षी आली. त्यांची दृष्टिपटले निकोप होती. आपल्या डाव्या डोळ्यात चित्र टिपणाऱ्या पेशीच गेलेल्या आहेत, आणि नसलेल्या चित्राची जुळणी कोणताही व्यायाम करून देत नाही. जाहिरातीतल्या अशा कार्यक्रमावर पैसे घालू नयेत. शिकण्यासारखे आहे ते वेगळेच: उजव्या डोळ्याचा शाबूत कोपरा ठरवून, स्थिरपणे वापरण्याचा सराव, जो अल्पदृष्टी पुनर्वसन केंद्रातील ऑप्टोमेट्रिस्ट करवून घेतात. तिथे भिंगे दाखवतील तेव्हा एक लक्षात ठेवावे. आतल्या बाजूला प्रिझम बसवलेले, दोन्ही डोळ्यांनी वाचायचे जाड चष्मे साधारण १० ते १२ डायॉप्टर नंबरपर्यंतच चालतात, तेही दोन्ही डोळे जवळपास सारखे असतील तर. आपल्यासाठी उजव्या डोळ्यापुरते भिंग किंवा पडद्यावर मोठे करून दाखवणारे यंत्र अधिक सोयीचे ठरेल. दुर्बिणीसारखे साधन बसल्या जागी वापरायचे असते; त्यातून सगळेच जवळ आल्यासारखे दिसते, म्हणून ते लावून चालू नये.

आता सगळी भिस्त उजव्या डोळ्यावर आहे, तेव्हा त्याच्यावर नजर ठेवणे सर्वांत महत्त्वाचे. ॲम्स्लर तक्ता, म्हणजे मध्ये ठिपका असलेली चौकटींची जाळी, डॉक्टरांकडून घेऊन रोजच्या येण्याजाण्याच्या जागी भिंतीवर लावावी आणि वाचनाचा चष्मा घालून, डावा डोळा झाकून, नेहमीच्याच अंतरावरून ती रोज पाहावी. आज दिसणाऱ्या रेषांची वाकणी आणि डाग एका प्रतीवर पेन्सिलीने काढून ठेवले की बदल ओळखता येतो. रेषा नव्याने वाकड्या दिसल्या, डाग वाढला, अचानक एकाचे दोन दिसू लागले, प्रकाशाच्या चमका किंवा काळ्या ठिपक्यांचा वर्षाव झाला, किंवा दृष्टी जाण्याबरोबर कपाळ दुखणे आणि चावताना जबडा दुखणे सुरू झाले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. दोन दिसत असतील तर जाण्यापूर्वी एक डोळा मिटून पाहावा आणि मिटल्यावर एकच दिसते की तरीही दोन, हे लक्षात ठेवून सांगावे. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असेल.